पहिला वाटा

"साडेनऊशे," अमरीन म्हणाली, आणि चिमानं तिच्या कमरेत कोपर मारलं.

"मैमुनाच्या वर बोली लावायची नाय गो," चिमा कुजबुजली. "पहिला वाटा तिचा. तिला ती बिमारी झाली होती, म्हाईत नाय तुला?"

मिरकरवाड्याच्या जेटीवर कुजबुजायची सोय नाही. बोटींची इंजिनं, बर्फ फोडणारं यंत्र आणि मासळीवाल्या बायका तिथं एकदमच चालू असतात. गुपितसुद्धा ओरडूनच सांगावं लागतं. मैमुनानं शब्द न् शब्द ऐकला.

अमरीन सहा महिन्यांपूर्वी या धंद्यात आलेली. ती ओशाळून मागे सरकली. गुलाम रसूल लिलाव पुकारत होता. त्यानं तिचे साडेनऊशे ऐकलेच नाहीत असं दाखवलं. "नऊशे एक, दोन, तीन," एका दमात म्हणून त्यानं बांगड्यांचा तो ढीग मैमुनाला देऊन टाकला. जिची बोली, तिनं आपली टोपली वाट्यावर ठेवायची, अशी रीत. मैमुनानं टोपली ठेवली नाही.

पाच वर्षं रोज पहिला वाटा तीच जिंकत होती. नुसतं बोटानं दाबून मासा किती दिवस बर्फात होता ते सांगणारी बाई म्हणजे आपणच, म्हणून आपल्यापुढे कुणाची टाप नाही, असं तिला वाटायचं. काल तपासणीला गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनाही तिनं हेच ऐकवलं होतं. मॅमोग्राफी साफ आली होती. "आता वर्षातून एकदा यायचं, पण ते चुकवायचं नाही," बाई म्हणाल्या. "मधे काही वेगळं वाटलं तर लगेच यायचं. डाव्या हाताला जपा, काटा लागू देऊ नका, हातमोजा घाला. काम कसं चाललंय?"

"जेटीवर मला हरवणारी अजून जन्माला यायचीय," मैमुना छाती पुढे काढून म्हणाली होती. एकाच बाजूची उरली होती, पण पुढे काढली होती.

घरी आल्यावर नवऱ्यानं, झुबेरनं, रिपोर्ट दोनदा वाचला. "म्हणजे बरी झालीस ना?"

"कागद तसं म्हणतो," ती म्हणाली होती.

आता तिला एकेक दिवस आठवू लागला. केमो संपवून, डोक्याला ओढणी घट्ट बांधून ती जेटीवर परतली तो दिवस. एका सुरमईसाठी वीस वर्षं तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी चिमा त्या दिवशी तोंड मिटून बसली होती. मैमुनाला वाटलं, चिमा म्हातारी झाली.

तिच्या अंगाची लाही लाही झाली. ऑपरेशन सोसलं. केस गेले, तोंडाची चव गेली, तेही सोसलं. पण ही भीक होती, आणि तिला न सांगता घातलेली. वर ती बाजारात त्याच बांगड्यांची मिजास मारत फिरत होती.

"चिमे," ती म्हणाली. "पाच वर्षं माझ्यावर बोली लावली नायस."

"तुझ्याच भल्यासाठी गो."

"माझं भलं बघायला डॉक्टर हाय. गाठ माझ्या छातीत होती, तोंडात नव्हती."

चिमाही भडकली. "मग काय करायचं होतं? तू जगत नायस असं जो तो सांगत होता. मरणाऱ्या माणसाशी कोण भांडतं?"

"मी मेले?"

मैमुना गुलाम रसूलकडे वळली.

"गुलामभाई, वाटा परत पुकारा."

"अगो, झाला तो तुझा…"

"पुकारा."

तिनंच नऊशे म्हटलं. अमरीन चिमाकडे बघत राहिली. "तिच्याकडे काय बघतेस? तोंड उघड," मैमुना खेकसली. अमरीननं साडेनऊशे म्हटलं. मैमुना हजार, अमरीन साडेदहाशे, मैमुना अकराशे. तिथं अमरीन थांबली.

"अकराशे एक," गुलाम रसूल या वेळी सावकाश म्हणाला. चिमा आपल्या टोपलीत बघत होती. "अकराशे दोन."

"बाराशे," चिमा म्हणाली.

"साडेबारा."

"तेराशे. आणि बांगड्यातलं तुला कधी काय कळलं होतं गो, मेले?"

मैमुनानं चिमाच्या वजनकाट्याचा उद्धार केला. चिमानं मैमुनाच्या सासरचा केला. पण तेराशेच्या वर घेतलं तर बाजारात सुटणार नव्हतं, आणि हे मैमुनाला बोटानं न दाबताही कळत होतं. ती दात खाऊन गप्प राहिली. गुलाम रसूलनं तीन म्हटलं. चिमानं टोपली वाट्यावर आपटली.

मग जेटीच सुटली. प्रत्येक वाट्याला चार-चार जणी अंगावर येऊ लागल्या. पाच वर्षांची बाकी एका संध्याकाळी वसूल करायला निघाल्यासारख्या. मैमुनाला एक बोंबीलसुद्धा मिळाला नाही.

झुबेर दारात जाळं विणत बसला होता. तिच्या हातातली रिकामी टोपली बघून तो ताडकन उठला. सुई खाली पडली.

"काय झालं? दवाखान्यातून फोन आला काय?"

"नाय." तिनं डाव्या हातातला हातमोजा ओरबाडून काढला. राग अजून उतरला नव्हता. "चिमानं हरवलं मला. मग सगळ्यांनीच हरवलं."

झुबेरनं पडलेली सुई उचलली. मैमुनानं टोपली धुतली, ओट्यावर पालथी घातली.

"आता बरी झाले मी," ती म्हणाली.