चौदाव्या कलमावरची हरकत

चार वाजून एकेचाळीस मिनिटं झाली होती आणि चौदाव्या कलमावर अजून एकही हरकत आली नव्हती. मुदत पाचला संपत होती. खिडकीतल्या बाईंनी रजिस्टर पुन्हा पहिल्या पानापासून चाळलं. महिनाभरात तीनशे बारा हरकती त्यांनी स्वतःच्या हातानं नोंदवल्या होत्या, प्रत्येकीचा विषय वाचून लिहिला होता. मीटर पळतं, छपरावरच्या सौर पॅनेलला परवानगी मिळत नाही, पवनचक्कीच्या आवाजानं झोप लागत नाही. एका गृहस्थांनी तर सूर्य सरकारच्या मालकीचा कधी झाला, असं विचारलं होतं. चौदावं कलम मात्र कुणाच्या नजरेत भरलंच नव्हतं.

हा मसुदा नव्या स्वच्छ वीज धोरणाचा होता. सूर्य मावळला की सौर वीज आटते आणि मागणी नेमकी तेव्हाच वाढते. अशा वेळी कोळसा जाळण्याऐवजी पाळीपाळीनं एकेका वस्तीची वीज अर्धा तास बंद करायची, तीही ऑफिसात बसून, दुरूनच, असं चौदावं कलम सांगत होतं. इस्पितळांना सूट होती. घरांना नव्हती. आणि बाईंच्या घरी सासूबाई ऑक्सिजनच्या मशीनवर होत्या. मशीनची बॅटरी वीस मिनिटं टिकायची. वीज जाणार तीस मिनिटं. मधल्या दहा मिनिटांनी बाईंची महिनाभराची झोप उडवली होती.

ज्या कलमावर हरकत नाही ते जसंच्या तसं मंजूर, ही तिथली पद्धत. कर्मचाऱ्यानं हरकत द्यायची नाही, दुसऱ्याकडून द्यायलाही लावायची नाही. मागं एकानं मेहुण्याच्या नावानं दिली आणि कायमचा घरी बसला. आपणही घरी बसलो तर आईंचं औषधपाणी कोण बघणार? म्हणून बाई गप्प होत्या. कुणीतरी द्या रे बाबांनो, एवढंच मनात घोकत होत्या. एवढ्या मोठ्या गावात असं मशीन काय एकाच घरात असेल?

तशी त्यांची खिडकी भारी कडक. तीन प्रती, प्रत्येक पानावर सही. एक सही कमी दिसली की 'अपूर्ण, परत या', आणि कागद वाचायच्या आत माघारी. समोरच्या माणसाचं तोंड त्या बघतच नसत, पानाचा खालचा उजवा कोपरा बघत. ऑफिसात त्यांना सगळे चाळणीबाई म्हणायचे. खोटं कशाला बोला, त्यांना त्याचा थोडा अभिमानही होता.

साडेचारला सासूबाईंचा फोन येऊन गेला होता.

"अगं, सकाळी मशीन तपासायला तो आला होता ना, त्याचं एक काम होतं तुझ्याकडे..."

"आई, आज नको. घरी आल्यावर बोलू." बाईंनी फोन ठेवला होता. मशीनवाला नेहमी त्या ऑफिसात असतानाच यायचा. त्यांनी त्याला कधी बघितलंही नव्हतं.

पाचला दहा कमी असताना साहेब डोकावले. "चौदाला काही आलं?"

"नाही, साहेब."

"चला, एक कलम तरी बिनबोभाट सुटलं." साहेब खुशीत निघून गेले. बाईंना घड्याळाकडे बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना.

चार चोपन्नला खिडकीतून एक जाडजूड गठ्ठा आत आला. बाईंची बोटं सवयीनं कोपरे उलटत गेली. पहिली प्रत ठीक. दुसरी ठीक. तिसऱ्या प्रतीच्या शेवटच्या पानावर सही नव्हती.

"अपूर्ण. परत..." त्या अडखळल्या. परत कधी येणार? सहा मिनिटंच उरली होती.

"मॅडम, हा माझा तिसरा हेलपाटा." पलीकडच्या माणसाच्या खांद्यावर हत्यारांची पिशवी होती. तो घामानं निथळत होता. "पहिल्यांदा दोनच प्रती आहेत म्हणालात. मग दुसऱ्या पानावर सही नाही म्हणालात. आता काय राहिलं?"

बाईंनी पहिल्यांदाच वर बघितलं. मग कागद बघितला. 'विषय: कलम चौदा. घरी ऑक्सिजन मशीनवर असलेल्या रुग्णांची वीज बंद करू नये.' मागं सव्वीस रुग्णांची यादी जोडली होती.

"पहिल्यांदा... कधी आला होतात?"

"मसुदा निघाल्याच्या तिसऱ्याच दिवशी."

म्हणजे महिनाभर जी हरकत यावी म्हणून त्या जीव टांगणीला लावून बसल्या होत्या, ती याच खिडकीशी दोनदा आली होती आणि त्यांनीच तिला हाकललं होतं. लाजेनं त्यांचे कान तापले. आजवर त्यांनी खिडकीतून कुणाला पेन दिलं नव्हतं. आज स्वतःचं पुढे केलं. "इथं सही करा. आधी सही, मग बोला!"

चार अठ्ठावन्नला शिक्का बसला. हरकत क्रमांक तीनशे तेरा. बाईंनी पोचपावती पुढे केली.

माणसानं ती घडी घालून खिशात ठेवली आणि घाम पुसला. "सुटलो! मॅडम, जाता जाता एक विचारू? यादीत सातव्या नंबरच्या आजी आहेत ना, त्यांना सकाळी माझं रडगाणं सांगितलं. तर म्हणाल्या, घाबरू नकोस, तिथं माझी सून आहे, ती कुणाला हात हलवत परत पाठवायची नाही. त्या कुठं बसतात हो?"