घरचा पाव
ताक पिठात पडलं तशी कांताबाईंनी ओलं फडकं पुढे केलं. कणीक भिजवली की झाकून ठेवायची, एवढं त्यांच्या हातांना पाठ होतं.

"झाकायचं नाही, आई," दीक्षा म्हणाली. "यात सोडा आहे. ताक लागलं की तो लगेच उठते. थांबलो तं बसून जाईल."

"अन् मळायचं बी नाई?"

"जास्त मळला तं वातड होते."

"ना खमीर, ना मळनं. कोनाचा म्हनावं हा पाव?"

"आयर्लंडचा. तिकडे घरोघरी करतात, ताकातच."

सून हे मोबाइलवर पाहून शिकली होती, आणि ताक घरचं, म्हणून कांताबाईंनी फडकं बाजूला ठेवलं. दीक्षाने गोळा गोल थापला, सुरीने वर खोल फुली मारली, ट्रे आत सरकवला आणि ओव्हनचं दार जरा जोरातच लावलं. ओव्हनने बिचाऱ्याने तिचं काही बिघडवलं नव्हतं.

बिघडवलं होतं ते जिन्यात. आज गच्चीवर बिल्डिंगची 'वन डिश' होती, प्रत्येक घरातून एक पदार्थ. कुणी काय आणायचं ते तिसऱ्या मजल्यावरच्या अर्चना भाभी ठरवत. त्यांनी सकाळी दीक्षाला गाठून दर वेळचंच सांगितलं: "तू कागदी प्लेटा आणि पाण्याच्या बाटल्या आण हं, नोकरी करतेस, तुला कशाला त्रास!" शेजारची रीनाही नोकरी करत होती. तिच्याकडे दहीवडे होते.

दीक्षाच्या घरातून शिजवलेलं असं काही या बिल्डिंगने कधी मागवलंच नव्हतं. वाईट कुणी बोलत नसे, सगळे साखरेत घोळून बोलत. पण दार उघडलं की समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब दिसायचे, आणि बिल्डिंगला तेवढं पुरेसं होतं. आज दीक्षाचं डोकं सणकलं. "प्लेटा दुसऱ्या कुणाला सांगा, भाभी. मी घरी पाव भाजून आणते," असं जिन्यातच सांगून ती मोकळी झाली होती.

"काहून आंगावर ओढून घेऊन राहिली पोरी?" कांताबाई म्हणाल्या. "प्लेटा नेल्या का कोनी काही बोलत नाई. माहा यशदीप बी हेच म्हनते."

"त्याले म्हणा, उरल्याच्या कारखान्यातून ड्यूटी करून आला की तूच ने. मले नाही न्यायच्या."

कांताबाईंनी ओट्यावर सांडलेलं पीठ पुसून घेतलं. रेल्वे क्वार्टरमध्ये त्यांची हयात गेली होती, आणि दुसऱ्याच्या पंगतीत आपला डबा आपणहून उघडायचा नाही हे त्या तिथेच शिकल्या होत्या.

पाव फुगला. फुली उकलली, कडा खरपूस झाल्या. दीक्षाने तो उलटा करून बोटाने ठोकून पाहिला. पोकळ वाजला, म्हणजे आतून भाजला. वास जिन्यात गेला असणार, कारण पाचच मिनिटांत बेल वाजली.

दारात अर्चना भाभी. "अगं, काय सुरेख वास! तूच केलास?"

"हो. आत या ना."

"नको, घाई आहे." त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच आवाज खाली आणला. "दीक्षा, तुझ्या भल्यासाठी सांगते. वर कुणी विचारलं, तर पंडरी बाजारातल्या बेकरीतून आणला म्हण. सगळे खातील. उगाच तुझी मेहनत वाया जायला नको."

"तुम्ही खाल का, भाभी?"

"मला तर काहीच नाही गं. लोकांचं सांगते."

दीक्षाने पावाचा एक तुकडा तोडला. वाफ निघाली. तिने हात पुढे केला. "मग घ्या. गरम आहे."

भाभींनी तुकड्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "आत्ताच चहा झाला. आता खाल्लं तर जेवण जायचं नाही."

तुकडा दीक्षाच्या हातातच राहिला. तिचे कान तापले. आणि त्याच वेळी, स्वतःचीच लाज वाटावी असा एक विचार तिच्या मनात आला: बेकरीचं नाव घेतलं, तर पाव खरंच संपेल. ताट रिकामं खाली येईल. कुठली बेकरी, तेवढं फक्त सांगायचं.

"अर्चनाबाई."

कांताबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. बाहेरच्या कुणाशी त्या एवढ्या मोठ्याने बोलत नसत.

"बेकरीवाल्याचं नाव काहून सांगायचं? त्यातलं ताक माहं हाय. म्या घुसळलं, या हातानं. कोनी इचारलं तं माहं नाव सांगजा. कांताबाई."

"काकू, तसं नव्हतं म्हणायचं मला..."

"मले समजलं तुमाले कसं म्हनायचं होतं."

भाभी घाईघाईने जिना चढून गेल्या. मग कांताबाईंनी पदर खोचला, मोठं स्टीलचं ताट काढलं आणि पाव त्यात ठेवला.

"चाल वर. थंडा होऊन राहिला."

"आई, वर कोणी हातच नाही लावला तं?"

"नाई लावला तं आपन दोघी खाऊ," कांताबाई ताट उचलत म्हणाल्या. "खाली आनून नाई. तिथंच, सर्व्यांच्या मधात बसून."