पुढच्या चाकांचे खटके

देवाशपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे.

नवरा गेल्यावर शिंपीणबाईंनी त्याची जुनी जीप शनिवारी एकटीनं डोंगरात नेली. चिखल आला की तो उतरायचा, पुढच्या चाकांना जोर मिळावा म्हणून त्यांच्यावरचे खटके फिरवायचा आणि बॉनेटवर थाप मारायचा, “चल गं, म्हातारे!” हे जीपला की बायकोला, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

बाई खटके विसरल्या आणि जीप रुतली. “अहो, उतरा की आता!” त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या.

बॉनेटवर थाप पडली. जीप सरसर वर आली.

बाईंनी उतरून पाहिलं, तर दोन्ही खटके फिरवलेले. त्यांनी ते परत सोडले, जीप मुद्दाम चिखलात घातली आणि वाट पाहत बसल्या. शेजारची सीट हळूच दबली.

रविवारी बाई सुखरूप घरी आल्या.

बरं, घरी आल्या, एवढंच मी पदरचं घातलंय.