इथे रुमाल
आईच्या स्मरणार्थ बाबा पियानो वाजवत होते. सोबत व्हायोलिन, चेलो. स्वरलिपीची पानं उलटायला शेजारी मी. आई सहा आठवडे दवाखान्यात होती, तेव्हा बाबांना तालमींतून सवड नव्हती. आता पियानोवर तिचा घडी घातलेला रुमाल होता. संथ भागात पान उलटलं. त्यावर बाबांनी पेन्सिलीने लिहिलं होतं: ‘इथे रुमाल. डावा हात मोकळा.’ तिथेच त्यांनी डोळे टिपले. पहिल्या रांगेत मावशी हुंदके देऊ लागली. वेळेवर उलटता यावं म्हणून पुढचं पान मी आधीच चिमटीत धरते. तिथे डोकावले: ‘पुन्हा रुमाल.’ भाग संपला. दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवत नाहीत, सगळे खोकून घेतात. त्या खोकल्यात मी रुमालात यथेच्छ नाक शिंकरलं, तशीच घडी घातली. खूण येताच बाबांनी तो डोळ्यांना लावला. चेहरा मनापासून वाकडा झाला. “ताईवर किती जीव होता!” मावशी म्हणाली.