ओवशाच्या गोळ्या

पाचही सुपं भरून झाली, आणि नेमकी तेव्हाच अक्षदाला पाळी आली.

न्हाणीत उभ्याउभ्याच तिला रडू फुटलं. नव्या सुनेनं गौरीपुढं सुपं ओवाळायची, तो ओवसा. पण गौर पूर्वा नक्षत्रात आली तरच. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर कुठं यंदा योग आला होता. माहेरची माणसं किन्हवलीहून सुपं घेऊन आलेली. ओटीवर बायकांची गाणी रंगलेली. आता बोंबला!

बरं, गोळ्या नव्हत्या असंही नाही. सासू हौसाबाई स्वतः तिला एसटीनं मुरबाडला घेऊन गेल्या होत्या, पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणायला. "हे हार्मोन आहे," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "गोळी चुकवलीस तर पाळी काही सणासाठी थांबणार नाही." आणि या बयेनं पाहुण्यांच्या भाकऱ्या थापता थापता दोन दिवस गोळीच घेतली नाही!

हौसाबाई विटाळाला फार कडक. पाळी आली की सुनेनं चार दिवस पडवीत बसायचं, देवाकडं फिरकायचं नाही. गप्प राहिलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण अक्षदाच्या पोटात काही राहत नाही. तिनं सासूला न्हाणीत बोलावलं.

"आई, मला पाळी आली. गोळ्या राहिल्या घ्यायच्या."

हौसाबाईंनी तिच्याकडं पाहिलं. ओटीकडं पाहिलं. मग आतून कडी लावली.

"डोळं पूस. कपडा घेतलास ना? मंग चल, सूप उचल."

"पन आई, विटाळ..."

"गप गो! गौर काय बाप्या मानूस हाय, तिला नाय समजत?"

अक्षदा खुदकन हसली. तोंड धुऊन, पदर खोचून गौरीपुढं उभी राहिली. एक, दोन, तीन, चार सुपं ओवाळली. बायकांनी फेर धरला. तिला इतका आनंद झाला की पाय जमिनीवर ठरेनात. हौसाबाई पाचवं सूप हातात द्यायला वाकल्या, तेव्हा मात्र तिला पुन्हा धसका बसला.

"आई, गौर कोपली तर वो?"

हौसाबाई तिच्या कानाशी लागल्या.

"माझ्या ओवशाला माझा दुसरा दिवस होता. बत्तीस वर्षं झाली, अजून नाय कोपली."