वरची माती

ग्वाल्हेरबाहेरच्या बंद पडलेल्या दगडखाणीत झरबेरी, म्हणजे आपली रानबोरं, पुन्हा रुजवायला यशश्रीनं काय काय नाही केलं! नुसतं बी पेरलं तर ते उगवलंच नाही, आणि नर्सरीतली रोपं पहिल्याच उन्हाळ्यात लूच्या गरम वाऱ्यानं जळून गेली. शेवटी शेजारच्या न खोदलेल्या टेकडीवरून, तिच्यावर ओरखडाही उमटू नये इतकं जपून, तिनं वरची माती टोपलीभर आणून पसरली. तेवढ्याच तुकड्यात झुडपांनी जीव धरला. तिसऱ्या हिवाळ्यात पहिली बोरं आली. ती तिनं देवापुढे ठेवली आणि वाटीभर खाणमालक दिग्विजयसिंहांकडेही पाठवली.

आठवड्यानं ते पेढे घेऊन तिच्या थाटीपूरच्या घरी हजर.

"बधाई हो, ताई! तुमची बोरं खाणखात्याच्या साहेब लोकांना खिलवली. खोदलेली जमीन परत हिरवी होते, हे त्यांना पटलं. बाजूची टेकडी खोदायची परमिशन लगेच मिळून गेली."

यशश्रीच्या हातातला पेढा हातातच राहिला.


"आता मातीची फिकर करू नका. ट्रक भरभरून पाठवतो."