पाच मिनिटं आधी

दिसूकी मांडी धरून आडवा झाला तेव्हा सामन्याचं एकतिसावं मिनिट चालू होतं.

पंचांनी शिटी वाजवली. दुसरा कोणी जखमी झाला तर त्याला बाहेर नेऊन खेळ चालू ठेवता येतो. गोलकीपर पडला तर थांबावंच लागतं. त्यामुळे रमजानात सूर्यास्ताच्या सुमारास सामना असला की अलेक्झांड्रियाच्या या क्लबात पडण्याचं काम दिसूकीचं. मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाची, अजान ऐकू आली की पडायचं, दोन मिनिटं विव्हळायचं. तेवढ्यात बाकीचे दहा जण कडेला जाऊन रोजा सोडत. पंचांनाही हे ठाऊक होतं. ते दुसरीकडे बघत.

बचावफळीतला झक्की खजूर आणि पाण्याची बाटली घेऊन आला. दिसूकीने एका दमात बाटली रिकामी केली. कडेला कर्णधार मितवल्लीने एक खजूर तोंडात टाकला, घोटभर पाणी घेतलं आणि हाक मारली, "उठा शेखसाहेब! बरा झाला का पाय?"

सगळे हसले. त्याच्या धार्मिकपणामुळे क्लबात त्याला शेखच म्हणत. तो खोलीत आला की चावट गप्पा बंद व्हायच्या.

खेळ सुरू झाला. तीन मिनिटांनी मैदानामागच्या मशिदीच्या भोंग्यावरून अजान सुरू झाली.

दिसूकीला आधी कळलंच नाही. मग तो वळला. जाळीच्या मागे चहाच्या किटल्या मांडून बसलेल्या माणसाचा ट्रान्झिस्टर चालू होता. कैरो केंद्र. मघाची अजान त्यावरचीच. कैरोत सूर्य इथल्यापेक्षा पाच मिनिटं आधी मावळतो. अकरा वर्षं तो कैरोतल्या क्लबाकडून खेळला होता. त्या अजानीवर त्याचं शरीर आपोआप जमिनीवर गेलं होतं.

तो जाळीकडे बघत असतानाच चेंडू आला. अगदी साधा, सरपटत. त्याच्या दोन्ही पायांमधून आत गेला.

ते सामना एक-शून्यने हरले.

कपडे बदलायच्या खोलीत तो दारातच उभा राहिला.

"माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांचा रोजा मोडला," तो म्हणाला. "ती अजान कैरोची होती. इथे सूर्य मावळला नव्हता."

कोणी वर बघितलं नाही. मितवल्ली बुटाची नाडी सोडत राहिला.

"जाऊ दे," तो म्हणाला.

"जाऊ दे कसं? दहा जणांचा रोजा आहे."

"म्हटलं ना, जाऊ दे."

"गोलचं बोल की, शेख," कोपऱ्यातून बशीर म्हणाला. "आजीनं झाडूनं अडवला असता तो."

एक जण हसला आणि लगेच गप्प झाला. नेहमी आंघोळीनंतर तासभर रेंगाळणारी मंडळी पाच मिनिटांत पांगली. दिसूकी एकटाच बाकावर बसून राहिला. गोलपायी शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो मशिदीत इमामांकडे गेला. दहा जणांच्या वाटचे दहा रोजे मी ठेवले तर चालेल का, असं त्याने विचारलं.

"नाही," इमाम म्हणाले. "ज्याचा त्याने भरून काढायचा. तुमची चूक नकळत झाली. एवढं मनाला लावून घेऊ नका."

"त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही मला."

"मग घरी जाऊन माफी मागा."

तीन दिवस तो घरोघर फिरला. झक्कीने बायकोला कताएफ मिठाईची बशी आणायला सांगितलं आणि स्वतः आत गेला तो बाहेर आलाच नाही. बशीरने दारातूनच "ईदनंतर ठेवीन की एक, त्यात काय एवढं?" म्हणत त्याचा खांदा थोपटला, पण बघत होता जिन्याकडे. मितवल्लीच्या आईने मात्र त्याचा हात धरून ठेवला. "आमच्या पोराला तुझ्यासारखं वागायला शिकव," ती म्हणाली. मितवल्ली मान खाली घालून बसला होता. त्याचे कान लाल झाले होते.

इतका राग, दिसूकीला वाटलं. आणि इतका सभ्यपणा, की तोंडाने एक शब्द नाही.

तो सदतीस वर्षांचा होता. मोसमाचे चार सामने उरले होते, शेवटचा याच मैदानावर. त्या दिवशी हातमोजे काढून गोलच्या दांड्याला टांगायचे आणि सगळ्यांसमोर चालत बाहेर पडायचं, हे त्याने वर्षभर मनात ठरवून ठेवलं होतं. पण जे दहा जण डोळ्याला डोळा भिडवत नाहीत, त्यांच्यामागे उभं राहून त्यांना ओरडून जागा कशा सांगायच्या? गोलकीपरचं अर्धं काम तेच.

शनिवारी सकाळी दहा वाजता त्याने क्लबच्या कचेरीत राजीनामा दिला. सचिवांनी दोनदा वाचला. बरीच समजूत घातली. तो ऐकेना.

निघताना तो मागच्या बाजूला भटारखान्यात गेला. खमीसचाचा तिथे तीस वर्षं स्वयंपाक करत होते. मोठ्या पातेल्यात भात शिजत होता, शेजारी कोंबडी.

"येतो, चाचा. सोडला क्लब."

"ऐकलं मी." चाचांनी हात पुसले आणि त्याला छातीशी धरलं. "फार मनाला लावून घेतलंस, पोरा. इतकं नको होतं."

"दहा जणांचा रोजा मोडला, चाचा. माझ्यामुळे."

पातेल्यावरचं झाकण उचलून चाचा भात हलवू लागले.

"इतक्या सकाळी भात?" दिसूकीने विचारलं. "इफ्तारला अजून आठ तास आहेत."

चाचांनी डाव खाली ठेवला.

"आता तू जातोच आहेस, तर लपवून काय करू?" ते म्हणाले. "महिनाभर दुपारी दार लावून वाढतोय त्या दहाही जणांना, मितवल्ली रोज बजावतो, शेखला कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."